चांगला साहेब कोणाला म्हणायचं? ज्याला ३९ फुटालाच कळतं त्याला

जानेवारी २०२५ मध्ये एका मोठ्या कंपनीच्या चेअरमननी आठवड्याला ९० तास कामाची भाषा केली, तेव्हापासून 'साहेब कसा असावा' हा विषय आमच्या कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या चहाच्या गाड्यांवर काही बंद होत नाही. त्यात आता कंपन्यांत ट्रेनिंगवाले येतात, दोन तास स्लाईड दाखवतात, 'लीडरशिप', 'एम्पॉवरमेंट', 'सायकॉलॉजिकल सेफ्टी' असले शब्द सांगतात आणि निघून जातात. मागच्या ट्रेनिंगनंतर एका सुपरवायझरनं मला विचारलं, सर, ही सायकॉलॉजिकल सेफ्टी म्हणजे हेल्मेट-गॉगलच्या यादीत येती का वेगळी? प्रश्न अगदी बरोबर आहे. शब्दच असा आहे की साध्या माणसाला त्यातनं काही हाती लागत नाही.

मी बारा वर्षं फौंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओततात त्या कारखान्यात, क्वालिटीला काढली, आता मशीन शॉप बघतो. एवढ्या वर्षांत चांगले साहेब बघितले, वाईट बघितले, आणि चांगल्या मनाचे असून वाईट साहेब ठरलेले पण बघितले. त्यातनं मला जे कळलं ते एका वाक्यात सांगता येतं: वाईट बातमी ज्याच्यापर्यंत लवकर पोचते तो चांगला साहेब. बाकीचं सगळं, म्हणजे बोलणं, हुशारी, रुबाब, त्याच्यानंतर.

पंचगंगेची पातळी

पावसाळ्यात कोल्हापूरचा माणूस सकाळी उठून आधी काय बघतो? पंचगंगा नदीवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, हे आमच्याकडं शाळेतल्या पोराला पण पाठ असतं. मधले जे चार फूट आहेत ना, ती सगळी वेळ आहे. त्या वेळात चिखली-आंबेवाडीची माणसं दावणीची जनावरं सोडून हलवतात, शाहूपुरीतले कुंभार गणपतीच्या मूर्ती उचलून वर नेतात, दुकानदार खालचा माल माळ्यावर चढवतात. २०१९ ला आणि परत २०२१ ला शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली गेला तेव्हा ज्यांनी ह्या चार फुटांचा उपयोग करून घेतला त्यांचं नुकसान कमी झालं.

आता समजा, मोजपट्टी वाचणाऱ्या माणसाला पातळी वाढल्याचं सांगितलं की दर वेळी वरनं शिव्या बसतात. तो काय करेल? एक दिवस ३९ ला ३७ लिहील. दुसऱ्या दिवशी फोनच उचलणार नाही. पाणी त्याच्यामुळं थांबत नाही, फक्त आपल्याला कळतं तेव्हा ते दारात असतं.

कारखान्यात, ऑफिसात, बँकेत, दवाखान्यात हेच होतं. मोजपट्टी वाचणारा माणूस म्हणजे मशीनवरचा ऑपरेटर, काउंटरवरची क्लार्क, वॉर्डातली सिस्टर. त्यांना सगळ्यात आधी दिसतं, आणि त्यांनी ते सांगावं का गिळावं हे साहेबाच्या तोंडाकडं बघून ठरतं. सायकॉलॉजिकल सेफ्टी म्हणजे एवढंच, की चूक सांगितली, शंका विचारली किंवा 'साहेब, हे बरोबर वाटत नाही' असं म्हणलं तर आपला अपमान होणार नाही, ह्याची टीमला असलेली खात्री. इथनं पुढं मी ह्याला 'बोलायची मोकळीक' म्हणतो.

ओली वाळू

फौंड्री ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. साचा ज्या वाळूत करतात तिच्यात बेंटोनाईट माती, कोळशाची पूड आणि पाणी असतं. पाण्याचं प्रमाण साधारण ३ ते ४ टक्के. कमी पडलं तर साचा ढासळतो, जास्त झालं तर जवळपास १४०० डिग्रीचं लोखंड ओतल्यावर त्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की कास्टिंगच्या (ओतून केलेल्या भागाच्या) आत पोकळी राहते, तिला ब्लो होल म्हणतात. आणि ही पोकळी बऱ्याचदा कातडीखाली असते, वरनं जॉब, म्हणजे तो भाग, अगदी स्वच्छ दिसतो, मशीनवर कटिंग झालं की मग उघडी पडते.

जुलैचा महिना होता, चार दिवस पाऊस थांबलेला नव्हता. आमच्याकडं मोल्डिंगला एक मामा होते, तीस-एक वर्षं वाळूत हात. त्या दिवशी त्यांनी मिक्सरमधनं आलेली वाळू मुठीत दाबली, मूठ उघडली, गोळा मधनं मोडून बघितला, बोटं पँटला पुसली आणि साचे भरायला लागले. मी लांबनं बघत होतो. बोटं पुसली म्हणजे वाळू बोटाला चिकटली, एवढं मला तेव्हा पण कळत होतं, पण मी विचारलं नाही, हे मला आजही लागतं.

तीन आठवड्यांनी कस्टमरचा फोन. बोअर (आतलं भोक) मारल्यावर ब्लो होल, अख्खा लॉट परत. गाडी आली, जॉब उतरले, मिटिंग झाली, कागद भरले. नंतर चहाला मी मामांना बाजूला घेऊन विचारलं.

"मला त्याच दिवशी हाताला लागलंतं साहेब. चिकटत हुती."

"मग सांगितलं का नाही मामा?"

"मागच्या पावसात सांगितलं हुतं की. तवा साहेब समद्यांसमोर म्हणाले, मामा तुमी लॅबमध्ये बसताय का साचे भरताय? मग लॅबच्या पोराला बोलवून त्याला बी झापलं. ते पोरगं महिनाभर माज्याशी बोललं न्हाई. तवाच ठरवलं, आपुन साचे भरायचे."

एक गोष्ट मुद्दाम सांगतो, तो साहेब वाईट माणूस नव्हता. कुणाच्या घरी दवाखाना लागला तर स्वतःच्या खिशातनं पैसे द्यायचा, पहाटे चारला फर्नेसचं लायनिंग (भट्टीचं आतलं अस्तर) गेलं तर सगळ्यात आधी तोच हजर. पण त्याचं ते एक वाक्य वर्षभर शॉपमध्ये राहिलं आणि त्याला स्वतःला ते आठवत पण नव्हतं. साहेब बोलून विसरतो, ऐकणारा विसरत नाही.

जिथं चुका जास्त दिसल्या तीच टीम चांगली निघाली

ही फक्त आमच्या शिरोलीची गोष्ट नाही. हार्वर्डच्या एमी एडमंडसन नावाच्या बाई नव्वदच्या दशकाच्या सुरवातीला दवाखान्यांत औषध देण्यात होणाऱ्या चुकांचा अभ्यास करत होत्या. अंदाज साधा होता, जिथं सिस्टर आणि डॉक्टरांचं चांगलं जमतं, वरची सिस्टर चांगली आहे, तिथं चुका कमी असणार. आकडे उलटे आले! चांगल्या टीमच्या चुका जास्त. बाई गोंधळल्या. मग खोलात गेल्यावर लक्षात आलं की चांगल्या टीम चुका जास्त करत नव्हत्या, झालेल्या चुका सांगत होत्या. जिथं वरच्यांची भीती होती तिथं चुका दबून जात होत्या, आणि कागदावर तो वॉर्ड एकदम छान दिसत होता. पुढं १९९९ मध्ये त्यांनी एका उत्पादन कंपनीतल्या ५१ टीमचा अभ्यास छापला, त्यात पण दिसलं की बोलायची मोकळीक असेल तर टीम शिकते आणि शिकली की काम सुधारतं. गुगलनं स्वतःच्या १८० टीम तपासल्या तेव्हाही कुठल्या टीममध्ये किती हुशार लोक आहेत ह्यापेक्षा ही मोकळीकच वर निघाली.

म्हणून मी कुठल्याही शॉपमध्ये गेलो की आधी शिफ्ट रजिस्टर उघडतो. 'अडचण' च्या रकान्यात तीन महिने 'ओके, ओके, ओके' लिहिलेलं असेल तर मला काळजी वाटते. चालत्या कारखान्यात तीन महिने काहीच अडत नाही असं होत नसतं.

फोर्डमध्ये २००६ ला हेच झालं होतं. अॅलन मुलाली नवीन सीईओ म्हणून आले, दर आठवड्याच्या मिटिंगला मोठे अधिकारी आपापले तक्ते आणायचे, ठीक असेल तर हिरवं, गडबड असेल तर पिवळं, अडकलं असेल तर लाल. कंपनी अब्जावधी डॉलरच्या तोट्यात चाललेली आणि तक्ते सगळे हिरवे. शेवटी मार्क फील्ड्स नावाच्या अधिकाऱ्यानं एका नव्या गाडीसमोर लाल रंग दाखवला, खोली शांत झाली, सगळ्यांना वाटलं आता ह्याची नोकरी गेली. मुलालींनी टाळ्या वाजवल्या आणि विचारलं, ह्याला मदत कोण करू शकतं? त्यानंतर बाकीच्यांच्या तक्त्यांत पण लाल-पिवळं यायला लागलं. २०१४ मध्ये मुलालींनंतर सीईओ झाले ते हेच फील्ड्स.

धागा तुटला की माग थांबला पाहिजे

इचलकरंजीच्या माणसाला हे जास्त लवकर पटेल. मागावर ताण्याचा (उभा) एक धागा तुटला आणि माग तसाच चालू राहिला तर पुढचं सगळं कापड फॉल्टचं निघतं, धडधड तीच, वीज तेवढीच, विणकराचा घाम तेवढाच आणि माल सेकंडमध्ये. जपानच्या साकिची टोयोडांनी असा माग तयार केला की धागा तुटला की तो आपोआप थांबायचा, १९२४ मध्ये त्यांचा पूर्ण ऑटोमॅटिक माग आला. त्यांच्याच घरातनं पुढं टोयोटा मोटार कंपनी निघाली आणि ती मागाची कल्पना गाड्यांच्या लाईनवर आली: लाईनवर एक दोरी, काही चुकीचं दिसलं की कुठलाही कामगार ती ओढू शकतो. ओढली की टीम लीडर धावत येतो, ठरलेल्या वेळेत सुटलं तर ठीक, नाही सुटलं तर लाईन थांबते.

दोरी बसवायला किती खर्च येतो? काहीच नाही. अवघड आहे ती ओढल्यानंतर साहेबानं काय करायचं ही गोष्ट. अमेरिकेत फ्रीमाँटला जनरल मोटर्सचा एक कारखाना होता, भांडणं, गैरहजेरी आणि खराब मालासाठी बदनाम, १९८२ ला बंद पडला. १९८४ ला टोयोटाबरोबर भागीदारीत तोच परत चालू झाला, कामगार बहुतेक जुनेच घेतले, आणि थोड्याच काळात तिथनं उत्तम क्वालिटीच्या गाड्या निघायला लागल्या. माणसं तीच होती. बदलला होता तो वरच्यांचा वागायचा प्रकार आणि कामाची पद्धत.

"पण साहेबाला काम तर सगळ्यात चांगलं यायला पाहिजे ना?"

हा पहिला आक्षेप, आणि ह्याच्यावर मला जरा जास्त बोलायचंय, कारण आपल्याकडं सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं. जो सगळ्यात चांगला टर्नर त्याला सुपरवायझर करायचं, जो सगळ्यात जास्त विकतो त्याला सेल्स मॅनेजर करायचं. त्यात एक चांगला टर्नर जातो आणि बऱ्याचदा एक अडखळणारा सुपरवायझर मिळतो. अमेरिकेतल्या १३१ कंपन्यांच्या सेल्सच्या माणसांवरचा एक अभ्यास २०१९ मध्ये छापून आला, त्यात नेमकं हेच दिसलं, सगळ्यात जास्त विक्री करणाऱ्यांना प्रमोशन मिळत होतं आणि मॅनेजर झाल्यावर त्यांच्या हाताखालच्यांची विक्री कमी भरत होती.

कोल्हापुरात हे समजायला अभ्यास वाचायची गरज नाही, कुठल्याही तालमीत जा. खासबागेत कुस्ती मारणारा वेगळा आणि हौद्याच्या कडेला बसून पोरगं घडवणारा वस्ताद वेगळा. वस्तादाला कुस्ती येतेच, ती आल्याशिवाय पोरं त्याचं ऐकणार नाहीत, पण लढत चालू असताना तो आत उडी मारून डाव टाकत नाही. कुठलं पोरगं ताकदीचं, कुठलं चपळ, कुणाला ओरडलं की पेटतं आणि कुणाला ओरडलं की विझतं, हे तो ओळखतो. गुगलनं २००९ च्या सुमारास आपल्याच मॅनेजरांचा अभ्यास केला तेव्हा चांगल्या मॅनेजरच्या आठ गुणांत पहिला निघाला 'चांगला कोच असणं', म्हणजे आपला वस्ताद, आणि टेक्निकल ज्ञान आठव्या नंबरावर. ते इंजिनीअरांच्या कंपनीत! ज्ञान लागतंच, आठात आलंय म्हणजे लागतंच, पण त्याच्या जोरावर माणसं चालत नाहीत.

आता आपल्याकडची एक म्हण मात्र कामाच्या ठिकाणी फार नुकसान करते: वस्ताद एक डाव राखून ठेवतो. मी असे सेटर (मशीन लावून देणारे) बघितलेत जे मशीनचं ऑफसेट (टूल किती सरकवायचं ते आकडे) घालताना पोराला पाठ करून उभे राहतात, त्याला दिसू नये म्हणून. त्यांची भीती खरी आहे, शिकवलं तर उद्या हा माझी जागा घेईल. पण मग त्यांना घरच्या लग्नाला पण चार दिवस रजा मिळत नाही, कारण मशीन दुसऱ्याला लावता येत नाही, आणि वरची जागा मोकळी झाली तरी मालक त्यांना हलवत नाही.

"मोकळीक दिली की माणसं डोक्यावर बसतात"

हे मी शंभर वेळा ऐकलंय. इथं दोन गोष्टींची गल्लत होते. बोलायची मोकळीक म्हणजे कामात ढिलाई नव्हे. तालमीत पहाटे उशिरा आलेल्या पोराला वस्ताद सोडत नाही, दोनशे बैठका जास्तीच्या पडतात, पण 'गुडघा दुखतोय' असं सांगितलेल्या पोराला तो लढतीत ढकलत पण नाही. दोन्ही एकाच माणसात असतं.

चुकांचे पण प्रकार असतात. नवीन जॉब होता, कुणीच केलेला नव्हता, प्रयत्नात बिघडला, ह्यात शिकायचं असतं. घाईत, दमलेला असताना मोजमाप चुकलं, ह्यात माणसाला झापून उपयोग नाही, गेज (माप तपासायचं साधन) हाताशी का नव्हतं ते बघायचं. आणि प्रेसचा गार्ड मुद्दाम काढून ठेवला, सांगून पण परत काढला, ह्याला माफी नाही, तिथं कारवाईच पाहिजे, कारण उद्या कुणाचा तरी हात जाणार आहे. जो साहेब तिन्हीला सारखाच ओरडतो त्याच्या ओरडण्याला काही अर्थ उरत नाही, लोक फक्त आवाज ऐकतात.

"आमचा दरवाजा कायम उघडा असतो"

असेलही. पण केबिनचा दरवाजा उघडा असणं आणि आत जायची हिंमत होणं ह्यात फार अंतर आहे. घामेजल्या शर्टात, ग्रीसच्या हातानं एसीच्या केबिनमध्ये कोण जाणार? साहेबानं मशीनपाशी जायचं असतं. आणि गेल्यावर काय विचारतो ह्यावर पण खूप आहे, 'सगळं ठीक ना?' विचारलं की उत्तर ठरलेलं, 'होय साहेब'. 'आज कशामुळं सगळ्यात जास्त वेळ गेला?' असं विचारलं की माणूस क्षणभर थांबतो आणि मग खरं सांगतो.

"मालकच तापट असेल तर आम्ही काय करणार?"

हा प्रश्न मधल्या फळीचा, सुपरवायझर आणि शिफ्ट इन्चार्ज लोकांचा, आणि तो मनाला लागतो कारण वरनं पण त्यांनाच बोलणी आणि खालनं पण. अख्खी कंपनी तुम्ही बदलू शकत नाही. पण तुमच्या दहा माणसांच्या शिफ्टचं वातावरण तुमच्या हातात असतं, एकाच कंपनीत एका शिफ्टला लोक मोकळे आणि दुसऱ्याला गप्प, असं मी डोळ्यांनी बघितलंय. वरचा राग जसाच्या तसा खाली न सोडणं हे मोठं काम आहे आणि त्याचा पगार वेगळा मिळत नाही.

आणि जे मालक हे वाचत असतील, उद्यमनगरात आठ माणसांचं वर्कशॉप असलं तरी, त्यांना शाहू महाराजांची गोष्ट माहीत असेलच. गंगाराम कांबळेंना पाण्याला शिवले म्हणून मारहाण झाली होती. महाराजांनी त्यांना चहाचं हॉटेल काढायला मदत केली, पण त्या काळात दलिताच्या हातचा चहा प्यायला गिऱ्हाईक येणार कोण? महाराज स्वतः गाडी थांबवून तिथं चहा प्यायला लागले, बरोबरच्या मंडळींना पण पाजायला लागले. ज्याच्या हाती हुकूम काढायची सत्ता होती तो माणूस आधी स्वतः तो कप उचलत होता. बोर्डावर 'चुका मोकळेपणानं सांगा' असं लिहून काही होत नाही. मालकानं एकदा सगळ्यांसमोर 'परवाचा रेट मी चुकीचा दिला, माझी चूक' म्हणलं की पोरांना कळतं इथं काय चालतं.

पहिली दहा सेकंदं

मला कुणी विचारलं की सुरवात कुठनं करायची तर मी हेच सांगतो, वाईट बातमी आल्यानंतरची पहिली दहा सेकंदं सांभाळा. त्यात चेहरा जो होतो, तोंडातनं जे निघतं, त्यावर पुढचे सहा महिने बातमी येणार का नाही हे ठरतं. मला पण हे सहज जमत नाही. राग येतो, डिस्पॅचची गाडी बाहेर उभी असते, कस्टमरचा फोन वाजत असतो.

परवा सेकंड शिफ्टला रात्री पावणेबाराच्या सुमाराला आमचा एक ट्रेनी ऑपरेटर हातात टिप (मशीनमध्ये लोखंड कापणारा छोटा तुकडा) घेऊन आला, सहा महिने पण झाले नाहीत त्याला. टिपचा कोपरा उडाला होता. म्हणाला, सर, कधी उडाली मला माहीत नाही, मागचे चौदा जॉब मी ओके म्हणून क्रेटमध्ये टाकलेत. त्याचा आवाज कापत होता. मी टिप हातात घेतली, विचारलं तुला कळलं कसं? म्हणाला, कटिंगचा आवाज बदलला. मग आम्ही दोघांनी मिळून चौदाच्या चौदा जॉब टेबलावर मांडले आणि एकेक करून गेज लावला. अकरा पास झाले, तीन गेले. ते तीन मी लाल पेटीत टाकले आणि रजिस्टर त्याच्याकडं सरकवलं. 'अडचण' च्या रकान्यात त्यानं वेळ लिहिली, जॉब नंबर लिहिले, आणि खाली, मी न सांगता, लिहिलं: आवाज बदलला की मशीन लगेच थांबवणे.